‘आपसात बोला’ म्हणणारे धारणकर साहेब

मुक्ता, निखिल,

मराठी वाचायला तुम्हा दोघांना वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे आणि पानांना क्रमांक घातले आहेत. एका दमात वाचलं नाहीत तरी चालेल, पण क्रम सोडू नका.

गेल्या आठवड्यात माझ्याकडे एक विनंतीपत्र आलं. धारणकर साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, त्यांचा गौरवांक निघणार आहे, आणि मी त्यांची निकटची सहकारी म्हणून दोन पानं आठवणी लिहाव्यात, असं त्यात होतं. प्रकृतीचं कारण सांगून मी नकार कळवला. प्रकृती उत्तम आहे. नंतर मनात आलं की अंक तर निघणारच. त्यात पन्नास जण त्यांच्या सौजन्याबद्दल लिहितील आणि ते खरंच असेल. पण त्या अंकात खडकीवस्तीचं नाव कुठेही नसेल. शिवाय मुक्ता, तू मागच्या महिन्यात फोनवर सांगितलंस की तुझ्या नव्या नोकरीत तुला दोन बॉस आहेत, एक कामाचा आणि एक शहराचा. तू हसून सांगितलंस. मी हसले नाही, हे तुला तिकडे कळलं नसेल. म्हणून हे आत्ता लिहिते आहे.

मी धारणकरांना पुढे सगळीकडे ‘ते’ म्हणेन. ही कार्यालयाची सवय आहे. तिला आदर समजू नका.

आमचं कार्यालय नगरला होतं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडी नगरच येतं. सरकारी शाळांचे निरनिराळे कार्यक्रम जिल्हाभर चालवणं हे आमचं काम. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही, कारण आज तिथे बसणारी माणसं यात नव्हती. धारणकर तिथे प्रमुख म्हणून आले तेव्हा माझ्या निवृत्तीला सहा-सात वर्षं उरली होती.

उंच, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट. खिशात दोन पेनं आणि स्टीलची सहा इंची पट्टी. कुणीही खोलीत आलं, अगदी पाण्याचा ग्लास घेऊन शिपाई आला, तरी ते अर्धवट उठून उभे राहत. बायकांसाठी दार धरून ठेवत. कुणाच्या मुलीची दहावी आहे, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन झालं, सगळं त्यांना पाठ. आवाज चढलेला मी कधीही ऐकला नाही. कार्यालयातल्या बायका म्हणायच्या, असा साहेब मिळायला भाग्य लागतं. मीही पहिले सहा महिने म्हणत होते. पुढे माझ्या लक्षात आलं की रागावणाऱ्या साहेबाशी निदान भांडता तरी येतं. धारणकरांशी भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन परत येई, आणि जिन्यात त्याला आठवे की आपलं काम झालेलंच नाही.

निर्णयाचा कागद समोर आला की त्यांचा एक ठरलेला विधी असे. फाईल टेबलाच्या मधोमध घ्यायची, पट्टीने तिची कड टेबलाच्या कडेला समांतर करायची, थोडा वेळ तिच्याकडे मायेने बघायचं, आणि दोन बोटांनी ती समोरच्याकडे परत सरकवायची. मग म्हणायचं, “आपसात बोला.” ते आमच्याकडे होते त्या अडीच वर्षांत मी त्यांच्या तोंडून ‘नाही’ ऐकलं नाही. ‘हो’ही ऐकलं नाही.

कुठल्याशा प्रशिक्षणाहून ते एक इंग्रजी पुस्तिका घेऊन आले. मी मिशनच्या शाळेत इंग्रजीतून शिकलेली, म्हणून मला ‘आमच्या इंग्रजीवाल्या मॅडम’ म्हणत. तिचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं. पुस्तिका मॅट्रिक्स पद्धतीच्या कारभाराबद्दल होती. कल्पना सोपी आहे. एक तक्ता काढा. आडव्या ओळी तालुक्यांच्या, उभे रकाने कामांचे: मुलींचं शिक्षण, अपंग मुलं, स्थलांतरित मुलं, वाचन-गणित. प्रत्येक चौकोनात एक विस्तार अधिकारी, म्हणजे शाळांमधून फिरणारा माणूस. त्याला दोन वरिष्ठ: एक तालुक्याचा, एक कामाचा. दोघेही समकक्ष.

ही कल्पना वाईट नव्हती, हे मी लिहिलंच पाहिजे. आधी प्रत्येक तालुक्यात गटप्रमुख हा एकटा धनी असे. इमारत, परीक्षा, शिक्षकांच्या रजा हे सगळं तो बघे. पण जी मुलं कशातच बसत नाहीत, सहा महिने गावात आणि सहा महिने उसाच्या फडावर असतात, ती कुणाचीच नसत. आता त्यांच्यासाठी जिल्ह्यात एक प्रमुख असणार होता. ती प्रमुख मी झाले. मला आनंद झाला होता.

पुस्तिकेत शेवटून दुसरा एक परिच्छेद होता. दोन प्रमुखांचं जमलं नाही, तर दोघांच्या वरच्या अधिकाऱ्याने ठरावीक दिवसांत स्वतः निर्णय द्यावा आणि तो लेखी द्यावा. मी मराठी केलेला मजकूर त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पट्टी लावून त्या परिच्छेदावर पेन्सिलीने तिरपी, पण सरळ रेघ मारली.

“हा नको, मॅडम.”

“साहेब, पण मग अडलं तर?”

“अडेल कसं? सुशिक्षित माणसं आहात. आपसात बोलाल.”

“पण मूळ पुस्तिकेत आहे.”

“ती पुस्तिका त्यांच्या लोकांसाठी आहे. आपली माणसं समजूतदार आहेत.” मग हसून, “तुमच्यासारखी.”

मी तो परिच्छेद गाळला. मराठी पुस्तिका त्याच्याशिवाय छापली गेली. आभारात माझं नाव आहे.

तक्त्याचा मोठा फ्लेक्स करून सभागृहात लावला. आठवड्याभरात जिल्ह्यात दोन नवे शब्द रुजले. तालुक्याचा प्रमुख तो आडवा साहेब, कामाचा प्रमुख तो उभा साहेब. आमचा जीपचालक बाबूराव मला तोंडावर म्हणाला, “मॅडम, तुमी उभ्या, शेवगावचे ढोले साहेब आडवे. मग गाडी कुनाकडं घालू ते एकदा कागदावर द्या.” मी त्याला धारणकरांकडे पाठवलं. तो चहा पिऊन परत आला.

गोरडे नावाचे एक विस्तार अधिकारी होते. आडव्या साहेबांनी त्यांना पुणतांब्याला शाळा-तपासणी दिली. त्याच तारखेला त्यांच्या उभ्या बाईंनी, म्हणजे मुलींच्या शिक्षणाच्या प्रमुखांनी, भंडारदऱ्याला मुलींच्या शिबिराला बोलावलं. ही जिल्ह्याची दोन टोकं नव्हेत, पण एसटीने जाणाऱ्याला तशीच. गोरड्यांनी दोघांना विचारलं, दोघांनी ‘तिकडे कळवा’ म्हणून सांगितलं. धारणकर म्हणाले, आपसात बोला. गोरडे पहाटेच्या गाडीने भंडारदऱ्याकडे निघाले, संगमनेरला आडव्या साहेबांचा फोन आला म्हणून उलटे फिरले, आणि पुणतांब्याला पोचले तेव्हा शाळेला कुलूप होतं. दोन्ही साहेबांनी त्यांच्याकडून खुलासा मागवला. महिन्याच्या अहवालात मात्र दोन्ही रकान्यांत त्या दिवशीची भेट नोंदली गेली, कारण दोन्हीकडे ते ‘नेमलेले’ होते. धारणकरांनी सभेत तो अहवाल उंच धरून सांगितलं, “पाहा, जुन्या पद्धतीत एका दिवशी एकच भेट होत असे.”

माझ्या शेजारी बसलेले गोरडे पुटपुटले, “मॅडम, मी त्या दिवशी फक्त एसटीची तपासणी केली.”

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही.

शेवगाव तालुक्यात एक वस्ती आहे, तिला मी इथे खडकीवस्ती म्हणते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला तिथली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. मुलं मागे ठेवायची तर त्यांच्या जेवणाखाण्याची सोय हवी. त्यासाठी शाळेतच हंगामी वसतिगृह मंजूर करता येई. मुलं रात्री आजीकडे किंवा शाळेत झोपणार, आणि दोन्ही वेळचं शाळेत जेवणार. मंजुरीवर आता दोन सह्या लागत: स्थलांतरित मुलांची प्रमुख म्हणून माझी, आणि शेवगावचे गटप्रमुख ढोले यांची.

तिथल्या मुख्याध्यापिका सुमन दहिफळे. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, मूळच्या तिकडच्याच. प्रस्ताव त्यांनी वेळेत पाठवला होता. सह्या होईनात म्हणून एक दिवस त्या एसटीने नगरला आल्या आणि थेट धारणकरांच्या खोलीत गेल्या. मला बोलावणं आलं.

“या, या बाई. बसा. गाडीला गर्दी होती का?” धारणकर उभे राहिले होते.

“होती, साहेब. यादी आणलीय. यंदा कारखाने लवकर सुरू व्हायचेत. मुकादम म्हणतोय, दिवाळीच्या आत टोळ्या हलवायच्या.”

“चहा घ्या आधी.”

“घेते. पन आधी हे नाव बघा. अर्चना. सातवीला हाय. वर्गात ती शिकवती आन मी ऐकते, अशी पोरगी. तिची आजी ठेवून घ्यायला तयार हाय, फक्त शाळेत जेवायची सोय झाली तर. म्हातारीचंच एक वेळचं भागतंय. सोय न्हाई झाली तर आईबाप नेनार. तिकडं धाकटा भाऊ हिच्या कडेवर. मग शाळा सुटली ती सुटलीच. मोठी बहीण अशीच गेली, साहेब. वर्षात लगीन.”

धारणकरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. खोटं नव्हतं ते. मी समोर होते. “फार वाईट वाटतं,” ते म्हणाले. मग पट्टी निघाली, फाईल सरळ झाली, आणि दोन बोटांनी ती माझ्याकडे आली. “मॅडम आहेत, ढोले आहेत. दोघंही आपलेच. आपसात बोलतील.”

सुमनबाईंनी कप खाली ठेवला. “साहेब, बैल दोन हायेत ते दिसलं. पन कासरा कुनाच्या हातात हाय?”

धारणकर मनापासून हसले. वाक्य त्यांनी डायरीत टिपून घेतलं. पुढे पुण्याच्या एका कार्यशाळेत ग्रामीण विनोदाचा नमुना म्हणून त्यांनी ते सांगितल्याचं मला कळलं. त्या दिवशी ते बाईंना जिन्यापर्यंत पोचवायला गेले.

आता सही का होत नव्हती ते सांगते. तुम्हाला हे खरं वाटणार नाही. सरकारी कार्यालयात कागद खालून वर चढतो. आधी कनिष्ठाची सही, मग वरिष्ठाची. हे कुठे शिकवावं लागत नाही. ढोले आणि मी समकक्ष. म्हणजे जो आधी सही करील तो खालचा ठरणार.

मी ढोल्यांना फोन केला. “फाईल पाठवतेय, सही करून द्या.”

“पाठवा की, मॅडम. तुमची करून पाठवा.”

“तालुका तुमचा. आधी तुमची.”

“काम तुमचं. आधी तुमची.” मग म्हणाले, “मॅडम, खरं सांगू? मी आधी केली तर उद्या सगळा तालुका म्हनंल, ढोले बाईच्या हाताखाली गेला. वीस वर्षं झाली मला या खुर्चीत. तेवढं न्हाई जमायचं.”

मला संताप आला. आणि त्या संतापात मी ठरवलं की मग माझीही आधी होणार नाही. फाईल सहपत्रासह तीन वेळा नगर-शेवगाव फिरली. प्रत्येक वेळी दोघांनीही ‘तत्त्वतः सहमत, आपले अभिप्राय व्हावेत’ असं लिहिलं आणि सहीची जागा कोरी ठेवली.

शेवटी मी धारणकरांकडे गेले. “साहेब, कुणी आधी सही करायची तेवढं सांगा. एका शब्दात सांगा. लेखीही नको.”

“मी मध्ये पडलो तर रचना मोडते, मॅडम.”

“साहेब, मुलं चालली आहेत.”

“म्हणूनच घाई नको. आपसात बोला.”

एका शनिवारी दुपारी सुमनबाईंचा फोन आला. “गेली, मॅडम. आज सकाळी ट्रॅक्टर आले. अर्चनाची आजी पांदीपर्यंत माझ्यामागं आली, बाई, कागद आला का, बाई, कागद आला का. म्या काय सांगायचं होतं?”

सोमवारी ऑफिस उघडताच मी सही केली. आधी केली. निरोप्याला शेवगावला पाठवलं, ढोल्यांनी त्याला उभा ठेवून सही करून दिली. इतकं सोपं होतं. आदेश खडकीवस्तीला पोचला तेव्हा जेवायला मुलं नव्हती.

संक्रांतीनंतरच्या सभेत धारणकरांनी फ्लेक्सवर शेवगाव आणि स्थलांतर यांच्या चौकोनात लाल टिकली लावली. पट घसरला होता. कुणाला तरी विचारणं भाग होतं. चौकोनात साहेब दोन, म्हणून चूक कुणाची ते ठरेना. मुख्याध्यापिका मात्र एकच होती. पट का टिकवला नाही, म्हणून सुमनबाईंना नोटीस काढायचं ठरलं.

मी उभी राहिले. “साहेब, ती फाईल अकरा दिवस माझ्यात आणि ढोल्यांत फिरत होती. नोटीस आम्हाला द्या. आणि तुम्हाला मी विचारलं होतं, हेही लिहा.”

ढोले खाली बघत होते. धारणकर अत्यंत मऊ आवाजात म्हणाले, “मॅडम, आपण सगळे एक कुटुंब आहोत.” मग लिपिकाकडे वळून, “हे इतिवृत्तात घेऊ नका.” आणि चहा आला. मी खाली बसले. मी बसायला नको होतं. पण बसले, आणि चहाही घेतला.

सुमनबाईंनी नोटिशीला एका ओळीचं उत्तर दिलं: ‘मुले गेल्यानंतर आदेश मिळाला.’ त्यावर पुढे काहीच झालं नाही. नोटीस कायम झाली नाही, मागेही घेतली गेली नाही. धारणकरांकडून तीही अपेक्षा नव्हती. नोटीस सुमनबाईंच्या सेवापुस्तकात तशीच राहिली आणि बाई तिच्यासकट निवृत्त झाल्या.

अर्चना चैत्रात परत आली. उसाच्या पाचटाने हात जागोजाग कापलेले, कडेवर भाऊ. वर्गाच्या दारात उभी राहून तिने विचारलं, “बाई, मी बसू का?” चार दिवस बसली. पाचव्या दिवशी भावाला ताप आला. पुढच्या पावसाळ्यानंतर तिचं लग्न झालं. मी हे सुमनबाईंकडून ऐकलं. त्यांनी मला दोष दिला नाही. मी बराच वेळ वाट बघत होते.

धारणकर त्याच वर्षी बढतीवर गेले. निरोपसमारंभात सगळ्यांचे डोळे पाणावले. एक शिक्षिका म्हणाली, साहेबांनी कधी कुणाला दुखावलं नाही. हे वाक्य मी तेव्हापासून अनेकदा तपासून पाहिलं आहे. ज्याने कधी काही ठरवलंच नाही, त्याच्या हातून कुणी दुखावलं गेलं तरी त्याच्यावर त्याचा डाग पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यांना सत्ता नको होती, असं लोक म्हणतात. हे चूक आहे. खुर्ची, गाडी, भाषणं, दार धरून ठेवणं, हे सगळं त्यांना हवं होतं. फक्त सही नको होती. आम्हा सगळ्यांना दोन-दोन साहेब देऊन त्यांनी स्वतःसाठी एक जागा तयार केली होती. तिथपर्यंत कुठलाही प्रश्न पोचत नसे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, बँकेत. आम्ही पेन्शनवाले हयातीचे दाखले द्यायला आलो होतो. मला बघताच ते उठले आणि स्वतःची खुर्ची दिली.

“मॅडम! छान दिसताय. आपली रचना आता इतर ठिकाणीही घेतलीय, कळलं का?”

“साहेब, शेवगावची अर्चना आठवते?”

त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. “अर्चना... कुठल्या रकान्यात होत्या त्या?”

“सातवीत होती,” मी म्हटलं.

“अच्छा, अच्छा,” ते म्हणाले. तेवढ्यात एक काठीवाले गृहस्थ बाहेर निघाले. धारणकर पुढे झाले, काचेचं दार उघडून धरलं, आणि त्या गृहस्थांनी बाहेरच्या दोन्ही पायऱ्या उतरेपर्यंत ते धरून उभे राहिले. माझा क्रमांक पुकारला म्हणून मी आत वळले. परत पाहिलं तेव्हा ते गेले होते.

आज काय उरलं आहे ते लिहून संपवते. दोन सह्यांचा नियम चालू आहे. अर्चना कुठे आहे हे मला ठाऊक नाही. खडकीवस्तीवर मात्र त्या घटनेनंतरच्याच दसऱ्याला सुमनबाईंनी गावातल्या आज्यांना आणि तोडीला न जाणाऱ्या घरांना बोलावलं आणि कुणाच्या चुलीवर कुणाची मुलं जेवतील ते ठरवून टाकलं. आता तिथे दुसऱ्या बाई आहेत. त्याही तसंच करतात. मंजुरीचा आदेश अजूनही टोळ्या निघून गेल्यावर येतो. मुलं त्याच्या आधीच गावात थांबलेली असतात.